हारूनभाईंनी भरलेली हवा

फोन आला तेव्हा मी वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला होतो. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून शेडबाहेर आलो. हारूनभाईंचा धाकटा भाऊ बोलत होता. सकाळी दुकानाचं शटर वर करताना भाई खाली बसले, ते उठलेच नाहीत... मी आत गेलो आणि सुट्टी होईपर्यंत काम करत राहिलो. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

याला पाच आठवडे झाले. शहागंजात त्यांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी मी तिथं पंक्चर काढायला गेलो आणि पन्नाशी ओलांडलेल्या या माणसानं मला मोबाईलवर सायक्लोक्रॉसची शर्यत दाखवली. गवतातून, चिखलातून, चढउतारांवरून फेऱ्या मारायच्या. जिथं सायकल चालत नाही तिथं उतरून ती खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. मी म्हटलं, "ह्यांच्याकडं रस्ते नायत का?" ते हसले नाहीत. "रस्त्यावर तर सगळेच चालवतेत, दत्ताभाऊ. इतवारच्या दिवशी टेकडीवरच्या बागेत या."

गेलो, तो ड्यूटीची सायकल घेऊन, मडगार्डसकट. टायरही दगडासारखे टणक भरलेले. आदल्या दिवशी पाऊस झालेला. पहिल्याच उतारावर सायकल घसरली आणि काळी माती मडगार्डात अशी गच्च बसली की चाकं फिरेनात. शर्यतीला आलेले बाकीचे चौघं पोट धरून हसत होते. हारूनभाईंनी पान्यानं मडगार्ड काढली, टायरमधली हवा सोडली, मग अंगठ्यानं दाबून म्हणाले, "मिट्टी को पकडने दो. लई टाइट काय कामाचं नाय." तेव्हापासून दर रविवारी माझ्या टायरची हवा तेच बघायचे. मीटर कधी लावला नाही, फक्त अंगठा.

बागेत मध्येच पंचवीसेक दगडी पायऱ्या आहेत. तिथला नियम त्यांनीच केलेला. पायऱ्यांवर कुणी थांबला, तर मागच्यानं "ठीक?" असं विचारायचं आणि समोरचा "चल" म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. शर्यत गेली तर गेली. मी पडलो तेव्हा ते दोनदा माझ्यासाठी थांबले होते, आणि तरीही जिंकले होते. चार वर्षांत मी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं. ते मला फार लागायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शेवटच्या रविवारी, शेवटच्या फेरीत, ते पायऱ्यांच्या मधोमध कठड्याला धरून उभे होते. सायकल खाली ठेवलेली. मला वाटलं, चेन पडली असेल... खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. वर बघितलं, पुढं कुणीच नव्हतं. मी न विचारता त्यांच्या बाजूनं पळत गेलो आणि जिंकलो.

बऱ्याच वेळानं ते सायकल हातात धरून चालत आले. चेहरा राखेसारखा झालेला. "आखिर जिंकले तुम्ही," म्हणाले. मी विचारलं, "चेन पडली का?" त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. "व्हय, चेनच." चेन जागेवर होती, त्यांच्या हातांवर तेलाचा डाग नव्हता. मला ते दिसलं होतं. तरी मी चहाला पुढं झालो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढच्या शनिवारी तो फोन आला.

भेटायला गेलो तेव्हा भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "दोन महिने दम लागत होता त्यांना. कुणाला सांगू नको म्हणायचे. तुम्ही तर सोबत असायचे, तुम्हाला कधी दिसलं नाय?"

"नाय," मी म्हणालो.

बजाजनगरच्या घरी गॅलरीत माझी सायकल तशीच उभी आहे, त्या रविवारची माती वाळून चिकटलेली. शर्यतीआधी त्यांनी पुढच्या टायरवर अंगठा दाबला होता, थोडी हवा भरली होती. मी कामावर निघताना रोज तिथंच अंगठा दाबतो. टायर दिवसेंदिवस मऊ होत चाललाय. बायको म्हणते, पंप समोरच आहे, भरून टाका ना. मी पंपाला हात लावत नाही. आता रिमच बोटाला लागायला लागलीय.