सोबतच्याला मुदतवाढ मिळत नाही

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, एल्वीच्या आईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. कदाचित म्हणते, कारण याआधीही सुरुवात केली होती आणि दरवेळी रस्त्यांच्या, डोंगरांच्या वर्णनातच रेंगाळत राहिले. ते सांगणं सोपं असतं. लोकांनाही तेच ऐकायचं असतं — दोन बायका सायकलवर कुठपर्यंत गेल्या, कुठे झोपल्या, काय खाल्लं.

तर आधी एल्वी. एल्विना तिचं नाव. वसईजवळच्या गिरीजची. केळीची वाडी, वाडीतच घर, घरात आई, भाऊ आणि भावजय. एल्वी शाळेत पी.टी. शिकवायची. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिला कोणी काही विचारतही नसे, इतकी ती कायम कशात तरी गुंतलेली असायची. मी माणिकपूरला राहते, फ्लॅटमध्ये. माहेर साताऱ्याकडचं. नोकरी अंधेरीला, एका क्लिअरिंग एजंटकडे — परदेशातून येणाऱ्या मालाचे कागद तयार करायचे. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून सायकल घेतली. एका रविवारी आगाशीच्या बाजाराशी माझी चेन निसटली. मागून येणारी एक बाई थांबली, चेन बसवून दिली आणि म्हणाली, "आता अर्नाळ्यापर्यंत चला माझ्याबरोबर, इथून परत जाऊ नका." ती एल्वी. त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही बरोबर काढले.

हनोईहून सिंगापूरपर्यंत सायकलने जायचं हे तिचं वेड. पाय माझे, डोकं तुझं, असं ती म्हणायची. म्हणजे व्हिसा, सीमा, शिक्के हे सगळं माझ्याकडे. आणि ते मला येत होतं. व्हिएतनामच्या व्हिसावर कोणत्या नाक्यातून आत जाणार, कुठून बाहेर पडणार ते आधीच लिहावं लागतं. नकाशावर दिसणारा प्रत्येक नाका परदेशी माणसाला खुला नसतो. लाओसच्या शिक्क्यावरची तारीख नीट वाचायची, कारण मुदत टळली की प्रश्न सुरू होतात. एल्वी यातलं काहीही वाचत नसे. मी सांगेन तिथे सही करायची, मी सांगेन त्या दिवशी निघायचं. तिचा पासपोर्टसुद्धा माझ्याच पाऊचमध्ये असे.

मग मी खूश असायला हवी होते ना?

पण सीमेवर काय व्हायचं ते सांगते. खिडकीपाशी मी दोघींचे कागद घेऊन उभी असायची, आणि शिपाई, अधिकारी, मागे रांगेत उभे असलेले ट्रकवाले, सगळे एल्वीभोवती. ती हातवारे करून बोलायची. कोणी तिची सायकल उचलून बघायचा, कोणी तिच्याबरोबर फोटो काढायचा. लाओसच्या डोंगरातल्या नाक्यावर एका अधिकाऱ्याने तिला आपल्या डब्यातला चिकट भात खायला दिला. मला फक्त पासपोर्ट परत दिले. मला तेव्हा राग यायचा हे माझं मलाच कळत नव्हतं — असं लिहिणार होते. पण कळत होतं. चढावर ती पुढे निघून जायची आणि वर माझी वाट बघत बसलेली असायची, हसत. ते हसणं मला सोसायचं नाही. सांगायला काही कारण नव्हतं. ती माझ्याशी एकदाही वाईट वागली नाही.

उलट एक गोष्ट आहे, ती टाळून पुढे गेले तर हे सांगण्याला अर्थ नाही. लाओसच्या डोंगरात माझा गुडघा सुजला. आठवडाभर मला पाय टेकवत नव्हता. एल्वी थांबली. गावातल्या बायकांबरोबर भाजी लावायला जायची, संध्याकाळी येऊन गुडघा शेकून द्यायची. त्या आठवड्यामुळेच आमचे व्हिसाचे दिवस कमी पडले. ती ते कधी बोलली नाही.

मेकाँगच्या काठावरच्या एका गावात आलो आणि एल्वीला ताप भरला. पुढचा मोठा पूल सायकलवरून दिवसभराच्या अंतरावर होता, पुलापलीकडे थायलंड. मुदत संपायला दोन दिवस उरलेले. दवाखान्यातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, अजून ताप राहिला तर रक्त तपासू म्हणाला. तिचे डोळे दुखत होते, सांधे दुखत होते. माझ्या मनात डेंग्यूच आला. वसईत राहणाऱ्याला डेंग्यू कोणी शिकवावा लागत नाही. आदल्याच वर्षी माझ्या नवऱ्याला झाला होता.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकिणीने फोनवर भाषांतर करून मला सांगितलं, की बाजारामागे इमिग्रेशनची कचेरी आहे, दिवस वाढवून मिळतात. हातावर मूठ आपटून शिक्का कसा मारतात तेही दाखवलं. दोघींचं होईल, म्हणाली. एल्वी पडल्या पडल्या म्हणाली, "जा, विचारून ये गं."

मी गेले. पिवळी बैठी इमारत, दारात चपला. समोर एक टपरी होती. मी तिथे बसले. बर्फ घातलेली कॉफी मागवली. मनात म्हटलं, जरा बसू, मग जाऊ. माणसं आत जात होती, चपला घालून बाहेर येत होती. कॉफी संपली, मी दुसरी मागवली. आणि मग — उठले आणि परत आले. आत गेलेच नाही.

का? मला अजून आठवडाभर त्या खोलीत बसायचं नव्हतं. ओल्या पट्ट्या ठेवायच्या नव्हत्या. आणि खरं सांगते — एक सीमा मला एकटीला ओलांडायची होती. तिच्याशिवाय. खिडकीपाशी फक्त मी असेन अशी.

परत आल्यावर मी तिला म्हटलं, "आजारी माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीवर सूट आहे. सोबतच्याला मुदतवाढ मिळत नाही. मी खूप सांगून पाहिलं."

इतकं नेमकं खोटं माझ्या तोंडून कसं आलं? ते रस्त्यात रचलेलं नव्हतं. आयुष्यभर नियम वाचणाऱ्या माणसाला नियमासारखं बोलता येतं, एवढंच.

एल्वीने विश्वास ठेवला. ठेवणारच. वर माझीच समजूत घातली. "मग तू जा ना. तुझा पासपोर्ट कशाला खराब करायचा? मी येते मागून दोन दिवसांत. तोंड असं का केलंयस?" मी तिचा पासपोर्ट तिच्या उशाशी ठेवला, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, मालकिणीला तिच्याकडे बघायला सांगितलं. मालकीण माझ्या सायकलकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीच कळत नव्हतं. कचेरी तर जवळच होती.

पुलावर सायकल चालवू देत नाहीत. बसच्या पोटात टाकावी लागते. म्हणजे माझी ती एकटीची सीमा मी सामानासारखी बसून ओलांडली. तरी पलीकडे शिक्का बसला, सायकल काढली, आणि मला आनंद झाला. हे लपवणार नाही. कोणी पुढे नव्हतं, कोणी वर थांबलेलं नव्हतं. त्या दिवशी मी फार छान सायकल चालवली.

इथपर्यंतचं मी कधीतरी नवऱ्याला सांगू शकले असते, असं मला वाटतं. माणूस थकतो, कंटाळतो, खोटं बोलतो. तो म्हणाला असता, जाऊ दे. पण यानंतरचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्वीचा व्हॉइस मेसेज आला. आवाज हलका, खुशीतला. "माधवी, ताप उतरला गं. अंग मोकळं वाटतंय. मी निघते आता, पुलापर्यंत येते हळूहळू. तू पलीकडेच थांब. एकटीने जेवायचा कंटाळा येतो ना तुला."

नवऱ्याच्या वेळी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं — डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं. माणसाला वाटतं बरं झालो, आणि त्याच दिवसांत आतून घसरत जातं. अंथरुणातून उठू द्यायचं नाही. मी तेव्हा त्याला उठू दिलं नव्हतं. आंघोळीलासुद्धा नाही.

म्हणजे मला माहीत होतं. एल्वीला माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

मी "येऊ नकोस, झोपून राहा" असं लिहायला घेतलं. आणि थांबले. कारण येऊ नकोस म्हटलं तर विचारेल का. डेंग्यू म्हटलं तर ती घाबरेल, आणि मग मला परत जावं लागेल. त्या खोलीत. मी लिहिलेलं पुसलं आणि अंगठा पाठवला. तो पिवळा अंगठा असतो ना, तो. मग फोन पिशवीत टाकला आणि पुढे निघाले. पुलापाशी थांबलेसुद्धा नाही. ती आलीच असती तर मी तिला भेटले नसते.

ती पुलापर्यंत आली नाही. कसावाचे कंद नेणाऱ्या ट्रकवाल्यांना ती रस्त्याच्या कडेला सापडली, झाडाला टेकून बसलेली, सायकल नीट उभी केलेली. त्यांनी तिला इस्पितळात नेलं. तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर घरचा पत्ता होता. वकिलातीमार्फत गिरीजला निरोप गेला. मला तिच्या भावाचा फोन आला. मी परत फिरले. पुलावर नवा व्हिसा लागला — फोटो दिला, कागद भरला, खिडकीतल्या माणसाने मान वर न करता शिक्का मारला. कोणी काही विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते.

मी पोचले तेव्हा ती गेलेली होती.

भाऊ आला. इस्पितळाच्या व्हरांड्यात तो माझ्याशेजारी बसला आणि त्याने एवढंच विचारलं, "तुम्ही बरोबर नव्हता?" मी तेच वाक्य म्हटलं. सोबतच्याला मुदतवाढ मिळत नाही. या वेळी ते जास्त सहज आलं. त्याने मान हलवली. तो रडत होता, मीही रडत होते. माझं रडणंही खरं होतं. त्याने काय फरक पडतो?

तिला गिरीजच्या मातीत ठेवलं. अख्खी शाळा आली होती. एल्वीची आई घरात त्यांची बोली बोलते, पण माझ्याशी सावकाश, माझ्यासारखं मराठी बोलते. दफनानंतर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "कागदापुढे तू काय करणार होतीस, बाय? तुला हाकलून लावलं त्यांनी. मला समजतं." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काढून घेतलं नाही.

पुढे एकदा तिने विचारलं, तो साहेब कसा होता? ज्याने नाही म्हटलं तो. तेव्हा मी सांगू शकले असते. घरात आम्ही दोघीच होतो, ती केळफूल सोलत होती. मी म्हटलं, चष्मा होता त्याला. मध्यम वयाचा. वाईट नव्हता, पण वरून हुकूम होता म्हणाला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यालापण पोरं-बाळं असतील."

यंदाच्या पुण्यतिथीच्या मिस्साला गेले होते. दरवर्षी जाते. घरी आल्यावर रोझरी झाली. शेवटी एल्वीच्या आईने हात जोडून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाय, आज तुला सांगते. त्या चष्मेवाल्या साहेबावर माझा फार राग होता. झोप लागायची नाही. यंदा मी त्याला क्षमा केली. आता रोज त्याच्यासाठीपण प्रार्थना करते."

भावजय डोळे पुसत होती. कोणीतरी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

मग पानं वाढली. मला नेहमीसारखं एल्वीच्या आईच्या शेजारी बसवलं. मी जेवले. तिने आणखी भात वाढला, तोही संपवला.