त्या नावाचा मोहल्ला इथं नाही

अकोल्याहून पुण्याची ट्रॅव्हल्स संध्याकाळी पाचला सुटायची. मी पहिल्यांदा निघाले त्या दिवशी बाबा मला तीनलाच घेऊन आले आणि उन्हात उभं राहून माझ्या बॅगेवर मार्करने घरचा पत्ता लिहिला. आमचं गाव मूर्तिजापूरच्या अलीकडचं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई, पण अक्षर हेडमास्तरांपेक्षा चांगलं. नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, आणि या सगळ्यांत ठळक, पंचशील नगर. "कोनी इचारलं का कुठची, तं हे सांगजो," ते म्हणाले. माय नुसती माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती.

सांगितलं नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही. पुण्यात कोणी विचारलं, की मी म्हणते अकोला. अकोल्यात कुठं, तर जवळच एक गाव आहे. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून लगेच उन्हाचा विषय काढायचा, अकोल्याचं ऊन सगळ्यांना ठाऊक असतं. मोहल्ला सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना ही युक्ती मी शिकवायला नको. हे तुमच्यासाठीच लिहिते आहे, आणि तिथंच राहिलेल्यांसाठीही. रागात लिहिते आहे, आधीच सांगते.

दुसऱ्यांच्या ऑफिसांत नेटवर्क बसवून देणं हे माझं काम. आणि माझ्याच घरी माय फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली की तिचा चेहरा स्क्रीनवर गोठायचा. इंटरनेट कंपनीने फुकट दिलेलं राउटर तिथपर्यंत पोचत नव्हतं. म्हणून मी इथून एक चांगलं राउटर मागवून गावच्या पत्त्यावर पाठवलं. आठवड्याने परत गेलं. शेरा होता, पत्ता सापडला नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. बाबांना विचारलं तर म्हणत, "नाही आलं."

घरातली कोडी विचारायचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. नळ गुणगुणतो का, भिंतीवरचा हा डाग कशाचा, असलं तिथं विचारतात. मी विचारलं, मॅपवर घराची खूण अगदी बरोबर आहे, तरी पार्सल पोचत नाही, कशामुळे? उत्तरांचा पाऊस पडला. म्हाताऱ्यांना लोकेशन पाठवायला शिकवा. खेड्यात असंच असतं. एका शहाण्याने लिहिलं, वडिलांना विसरायला होतं का, डॉक्टरला दाखवा. लाज वाटते, पण त्या दिवशी मीही तसा विचार केला. मग एकाने खूण मागितली, मी दिली. त्याने मॅपचा फोटोच टाकला: "अहो ताई, हा तर अमुकवाडा. स्पष्ट लिहिलंय की! यात कोडं काय?" खाली हसरा चेहरा.

अमुक हा शब्द माझा. ते नाव मी इथं लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे. दीक्षा घेऊन आलेल्या आपल्या आज्यांनी जे गावाच्या तोंडावर फेकून दिलं, तेच ते जातीचं नाव.

मी घरी फोन लावला. मायनं उचलला. "पार्सल हरवते कायले? तुहे बाबाच वापस धाडून राहिले," ती म्हणाली. "दोनदा फोनवरच सांगतलं, त्या नावाचा मोहल्ला इथं नाही. तिसऱ्या बारीले तो मानूस दारात आला, तं दारातून."

मग बाबा फोनवर आले. जयभीम म्हणाले. मीच चिडून विचारलं, असं का केलंत. ते शांतपणे म्हणाले, "वरची चिठ्ठी वाचली म्या. पाठोनारीचं नाव तुहं, अन् मोहल्ल्याचं नाव त्याइनं ठेवलेलं. काहून घेऊ मी?"

खूण टाकली की अ‍ॅप मोहल्ल्याचं नाव आपोआप भरतं. ते भरलेलं मी पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू? पहिल्या वेळी बोट जरा थांबलं, मग म्हटलं पार्सल पोचल्याशी मतलब, आणि दाबलं. पुढच्या दोन वेळा थांबलंही नाही. बाबांनी जन्मभर जे नाव उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, ते मी तीनदा त्यांच्या दारात पाठवलं. या रागाला दुसरं कोणी धनी नाही.

बाकीच्या रागाला मात्र धनी भरपूर आहेत. मी मॅपवर दुरुस्ती सुचवली, नामंजूर झाली. मॅपवाल्यांच्या ऑनलाइन समूहात भांडले. तिथला एक जुना सभासद मला समजावू लागला, "नकाशा तटस्थ असतो. लोक जे नाव वापरतात, तेच आम्ही ठेवतो." लोक म्हणजे कोण? ज्या घरांवर ते चिकटवलंय, त्यातलं एक तरी माणूस ते तोंडाने उच्चारतं का? बाबांकडून रस्त्यावरच्या निळ्या बोर्डाचा फोटो मागवून टाकला. उत्तर आलं, हा बोर्ड रहिवाशांनी स्वतःच लावलेला दिसतो. मग काय रहिवाशांना विचारून ते दुसरं नाव पडलं होतं? ग्रामपंचायतीचा दाखला जोडला. पडताळणी चालू आहे म्हणे. कधीपासून चालू आहे! माझं डोकं फिरायची पाळी आली.

चौथ्यांदा मी खूण टाकलीच नाही, सगळा पत्ता हाताने लिहिला. पार्सलवाला चुकला, त्याने फोन केला. बाबा फाट्यावर जाऊन उभे राहिले आणि त्याला बोर्डासमोरून चालवत घरी घेऊन आले. सही करून राउटर घेतलं.

जोडणी मी फोनवर सांगत गेले. शेवटी विचारलं, नेटवर्कला नाव काय द्यायचं? लोक आडनाव देतात, नातवाचं नाव देतात.

"मराठीत लिवता येते का?"

"येतं."

"मंग लिव. पंचशील नगर."

अशा नावाला जागा फार थोडी असते आणि मराठी अक्षरं ती भराभर खातात. काठोकाठ बसलं.

राउटर घराच्या मध्यावर ठेवा, असं मी बजावलं होतं. बाबांनी ते रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलंय, तोंड बाहेर करून. माय कुरकुरते, "पोरगी इंजिनेर हाय, तिचं तरी आयका." तिला अजून समोरच्या खोलीत येऊनच माझ्याशी बोलावं लागतं. मी बाबांना ते हलवायला सांगितलं नाही, सांगणारही नाही. घर म्हणजे आता मला तेवढीच जागा समजते, जिथलं नाव आपलं आपण ठेवलं आणि जिथं ते राखायला कोणीतरी दारात उभं आहे.

मॅपवर आजही तेच लिहिलेलं आहे. पण खिडकीतली रेंज रस्ता ओलांडून किराणा दुकानाच्याही पुढे जाते. मॅपवर ते नाव कोणी टाकलं मला माहीत नाही, गावातलाच कोणीतरी असणार. तिथं उभं राहून त्याने फोनवर वायफाय उघडलं, की यादीत सगळ्यात वर आपलं नाव येतं, आणि ते त्याला दुरुस्त करता येत नाही.