दारातले तीन हजार

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफी असावी. अक्षराची माफी वेगळी मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात पेनाच्या जागी उलथणं आलं. पुढच्या सगळ्या प्रकारातही मुख्य काम उलथण्याचंच आहे.

आम्ही छावणीत राहतो. आमच्या ह्यांनी जुनी गाडी घेतली. गाणं लावलं की गाण्यापेक्षा दारच जास्त वाजायचं. लासूर स्टेशनला माझ्या माहेरी पोचेपर्यंत कान बधिर! एक दिवस हे म्हणाले,

“तुझे मोटारीचे तीन हजार दे गं. महिन्यात परत करतो.”

(मोटार म्हणजे माझ्या शिलाई मशीनची. त्यासाठी मी किती साड्यांना फॉल लावले, ते माझ्या बोटांना विचारा.)

“कशाला?”

“गाडीच्या दाराला.”

“दार तर लागतंय की!”

“अगं, गाण्याचा आवाज सुधारायचाय.”

“आवाज गाण्याचा आन् पैसे दाराला?”

“तुला नाय कळायचं ते.”

नवरा असं म्हणाला की बायकोनं सावध व्हावं. मी झाले. पैसे मात्र दिले, कारण मला तोंडावर नाही म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी ह्यांनी गल्लीत पुढच्या दोन्ही दारांची आतली झाकणं काढली. मी जवळ गेले की म्हणायचे, “चहा टाक.” तीन वेळा चहा टाकला! खिडकीतून पाहिलं तर हे दाराच्या पत्र्यावर बोटानं ठोकत होते आणि कान लावून ऐकत होते.

शेजारच्या शबाना आपा भिंतीवरून म्हणाल्या, “क्या जी, तुमारे मियाँ दरवाजे से बातां कररे?”

“काय की. माझे तीन हजार घेतले दारासाठी.”

“हमारे मामू कूलर में पैसे छुपाते थे. एक दिन चालू करे तो नोटां उड़े!”

झालं. माझ्या डोक्यात कूलर सुरू झाला.

झाकणं परत बसवून, जेवून हे घोरायला लागले, तशी मी गाडीजवळ गेले. घरात ज्वारीची पत्र्याची कोठी आहे. ती किती भरली ते मी ठोकून सांगते. टण्ण वाजली तर रिकामी, ठप वाजली तर भरलेली. यात मी आजवर चुकले नाही. मागच्या दारावर ठोकलं. टण्ण! पुढच्या दारावर ठोकलं. ठप.

भरलेलं होतं!

उलथणं आणलं, झाकणाच्या फटीत घातलं आणि जोर लावला. टक, टक, टक करत खटके तुटले. आत पत्र्यावर चांदीसारखे चकचकीत कागद चिकटवलेले होते. नोटा याच्याच खाली! एक ओढला. खाली डांबर. दुसरा ओढला. डांबर. स्पीकरमागे फोमची वाटी होती, ती पैशाची पिशवी समजून उलटी केली. रिकामी! स्पीकर वायरीला लोंबायला लागला. बांगड्या काळ्या, केस काळे, आणि पदर दाराला असा चिकटला की मला हलताच येईना.

तेवढ्यात हे उठून आले.

“काय करतीस?”

“दार पुसतीय.”

“उलथण्यानं?”

भिंतीवरून आपांनी विचारलं, “मिले क्या पैसे?”

ह्यांनी एकदा आपांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग घरात जाऊन दुकानाचं बिल आणलं. “पत्रा थरथरू नाय म्हणून लावतेत हे. म्हणून ठप वाजतंय. बघ, दोन हजार नऊशे चाळीस.”

“मग वरचे साठ कुठंयत?” मी विचारलं. (पदर अजून दारालाच होता!)

ह्यांनी बिलाची घडी घातली. “भजी खाल्ली.”

“बघा! मला संशय आलाच होता!”

खोबरेल तेलाची अख्खी बाटली संपली तेव्हा मी सुटले. पदराचं टोक तिथंच राहिलं. दार नव्यानं करायला दीड हजार लागले. ते माझ्या तीन हजारांतून वजा झाले.

आता गाडीत गाणं छान वाजतं. परवा ह्यांनी उरलेले दीड हजार माझ्या हातावर ठेवले. “फिटले बघ सगळे.” मी दोनदा मोजले. पुरे होते.

हे बाहेर गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि बोटानं माझ्या डोक्यावर ठोकून पाहिलं.

टण्ण!