नाखव्याच्या हुक्क्याचा पोचा

कचेरीत दोन गोष्टी कुणी न मागता साठतात, धूळ आणि किस्से. धूळ इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी झाडली जाते. किस्से झाडायला कुणी येत नाही, म्हणून पेन्शन लागली की ते माणसाच्या मागोमाग घरी येतात. माझ्या मागे बरेच आले. घरच्यांचे ऐकून झालेत. आता तुमची पाळी.

मी फौजदारी कोर्टात मुद्देमाल सांभाळायचो, म्हणजे खटल्यांत जप्त झालेल्या वस्तू. गावाचं नाव सांगत नाही. रेवसला बोटीतून उतरून टांग्यात बसलात, की जिथे पोचेपर्यंत पाठ बोलायला लागते, ते गाव समजा.

* * *

मिठाच्या चळवळीत पोलिसांनी एक गोण मीठ पकडून आणलं. गोण माझ्या ताब्यात. खटला उभा राहिला भर पावसाळ्यात. आमच्या खोलीच्या भिंतींना तेव्हा घाम फुटायचा, मिठाने तरी काय करावं? तारखेच्या दिवशी शिपाई सखारामने रिकामी, ओली गोण आणून कोर्टापुढे ठेवली.

मॅजिस्ट्रेट रावसाहेब गरजले, "मीठ कुठाय?"

सखारामने हात जोडले. "रावसाहेब, ते जामीन न घेताच गेलं!"

त्या वर्षी जिल्ह्याचा गोरा साहेब इन्स्पेक्शनला आला, आणि "मुद्देमालाची निगा शून्य" असा रिमार्क मारून गेला. रावसाहेबांनी मला आत बोलावलं.

"भाऊसाहेब, पुढच्या खेपेला हाच रिमार्क आला, तर तुम्ही घरी. तुमच्या खुर्चीवर बसायला माझा एक भाचा मोकळाच आहे."

भाचा खरोखरच मोकळा होता. मी त्याला पाहिलं होतं. माझ्या घरी तीन मुलींची लग्नं व्हायची होती.

* * *

आमच्या बाजारात अण्णा तांबट म्हणून कारागीर होते. कचेरी सुटली की मी आणि सखाराम त्यांच्या ओट्यावर. रेवसकडच्या कोळणीसुद्धा भांडी त्यांच्याकडेच आणायच्या. अण्णांची ख्याती अशी, की भांड्यावर नुसता अंगठा फिरवून ते कुणी ठोकलंय हे सांगायचे. दुसऱ्याचं काम असलं की भांडं परत करत म्हणायचे, "हा हात माझा नाही." म्हणायचे असं, की गिऱ्हाइकालाच चोरी केल्यासारखं वाटे.

एकदा रावसाहेब स्वतः एक तांब्याचं तपेलं घेऊन आले. मुंबईहून आणलेलं. "बघा अण्णा, याला म्हणतात काम! इथे होईल असं?"

अण्णांनी अंगठा फिरवला. बुडाशी थांबले. "हात माझाच आहे, रावसाहेब. गेल्या साली व्यापाऱ्याला दिलं होतं. बोटीने जाऊन बोटीनेच परत आलंय. तुमच्यापेक्षा जास्त प्रवास झालाय त्याचा!"

तपेलं पुढे रावसाहेबांच्या बंबाशेजारी असायचं, पण त्याचं कौतुक बंद झालं.

* * *

पुढच्या वर्षी माझ्या खोलीत एक हुक्का आला. रेवसकडच्या एका कोळीवाड्यातला, एका म्हाताऱ्या नाखव्याचा. स्वतःच्या गलबतावर कराचीला गेला असताना त्याने तो आणलेला. पितळी भांडं, तांब्याची नळी, तोंडाशी चांदी. त्या वाड्याची रीत अशी, की शिमग्याला पंच बसले की हुक्का ज्याच्या घरून येईल, त्याला पहिला मान. म्हातारा वारला आणि दोन मुलांत जुंपली. थोरला नारायण म्हणाला, "हुक्का माझा, धाकूने चोरला." धाकटा धाकू म्हणाला, "हुक्का माझाच. आपलीच वस्तू कोण चोरतं?" पोलिसांनी हुक्का जप्त केला.

हुक्क्याची अवस्था काय सांगू! खाऱ्या हवेने पितळेवर हिरवी पुटं चढलेली, नळी काजळीने गच्च, चांदी कुठे आहे हे सांगूनच कळायचं. आणि इन्स्पेक्शन आठ दिवसांवर! मला साहेबाचा रिमार्क दिसायला लागला. त्यामागे भाचा.

मी हुक्का पंच्यात गुंडाळून अण्णांच्या ओट्यावर नेला.

अण्णांनी नळीचा वास घेतला. "भाऊसाहेब, हा हुक्का नाही. ही चूल आहे."

पण हात लावला तो मनापासून. नळी रात्रभर गरम पाण्यात ठेवली आणि सकाळी माडाच्या झावळीचे हीर घालघालून खरवडली. आतून डांबरासारखा गोळा निघाला. सखाराम हळहळला, "एवढी तंबाखू वाया!" मग पितळेला आणि तांब्याला चिंच-मीठ, वर चाळलेली राख, वर मऊ धोतराचा बोळा. चांदीला रिठ्याचं पाणी आणि खडूची पूड. ढिल्या सांध्याला कथलाचा डाग दिला. भांड्याच्या पोटाला एक पोचा होता; गळ्यातून वाकडा लाकडी दांडा घालून तो आतून टेकवला, बाहेरून हलक्या हातोडीने ठोकत ठोकत पोचा असा काढला, की मग आम्ही तिघांनी शोधला तरी सापडेना.

"आता हा हात माझा!" अण्णा म्हणाले.

* * *

साहेब आला. रावसाहेब मागे, मी त्यांच्या मागे. खोलीत बाकी सगळं होतं तसंच होतं, पण मधोमध टेबलावर हुक्का असा झळकत होता, की साहेबाने त्यात बघून मिशी सारखी केली. मग चांदीवर बोट आपटून विचारलं, "हा अजून ओढता येतो का?"

कुणी काही बोलायच्या आत सखारामने सलाम ठोकला. "फर्स्ट क्लास, साहेब! रोज ओढतो!"

साहेब हसला, म्हणून आम्हीही हसलो. रिमार्क आला, "मुद्देमालाची निगा उत्तम. मॅजिस्ट्रेटचे अभिनंदन." रावसाहेबांनी तो चौकटीत घालून कोर्टाच्या भिंतीवर लावून घेतला. भाच्याला दुसरीकडे चिकटवायची खटपट सुरू झाली.

* * *

हुक्क्याच्या खटल्याची तारीख चार दिवसांवर आली. मी कागद काढून पंचनामा वाचला. ओळखीची खूण एकच लिहिलेली होती. "भांड्याचे डावे अंगास सुपारीएवढा पोचा."

खूण पुसणारा मी! यापुढे नुसती नोकरी जाऊन भागणार नव्हतं. हुक्का पुन्हा पंच्यात गुंडाळून पळतच ओट्यावर गेलो.

"अण्णा, पोचा परत घाला."

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. "तीन पिढ्या पोचे काढतोय आम्ही. घालायचं काम आमच्या घराण्यात नाही."

"अण्णा, तीन मुली आहेत."

त्यांनी हुक्का हातात घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाले, "डावं अंग म्हणजे कुठलं? भांडं गोल आहे."

यावर पंचनाम्यात काही नव्हतं. सखाराम म्हणाला, "कोर्टात ठेवताना पोचा डावीकडे येईल असा मीच ठेवीन की!" हा माणूस शिपाई का राहिला, मला कधी कळलं नाही.

"आणि सुपारी कुठली?" अण्णांनी विचारलं. "श्रीवर्धनची रोठा, की इथली बारकी? सालीसकट, की सोललेली?"

शेवटी मध्यम सुपारी ठरली. अण्णांनी डोळे मिटून एकच घाव घातला. पोचा पडला. काय पडला म्हणून सांगू! काठ एकसारखा, बूड वाटीसारखं. आणि मी अडवायच्या आत त्यांनी सवयीने त्यावर राखेचा बोळा फिरवून तो चकचकीत केला!

* * *

तारखेला कोर्ट भरलं. सगळा कोळीवाडा आलेला. अण्णा मागच्या बाकावर, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. जबान्या लिहून घ्यायला मीच बसलो होतो. सखारामने हुक्का आणून पोचा डावीकडे करून ठेवला. रावसाहेबांनी तो पोचा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. इन्स्पेक्शनला त्यांनीही तो हुक्का चहूबाजूंनी पाहिलेला होता.

नारायण उभा राहिला. "रावसाहेब, यो पोचा मी ओळखतो. लहान असताना माज्याच हातून वल्हा लागलेला."

"खोटा बोलतंय!" धाकू ओरडला. "नारळ मी आपटलेला! मार पन मीच खाल्ला!"

दोघांनी त्या चार दिवसांच्या पोच्यावर शपथा घेतल्या. अंगणात दोन्ही बाजूंचे लोक बाह्या सारायला लागले. तेव्हा रावसाहेबांनी त्यांच्या आईला, हिराबाईला, पुढे बोलावलं. सत्तरीची बाई, पण बंदरावर उभी राहिली तर गलबत आपण होऊन लागेल अशी.

"हा हुक्का कुणाचा, बाई?"

"माजा," हिराबाई म्हणाली. "घोव गेल्यावर माज्या घरानशी यांनी उचलला, आधी यानं, मग त्यानं. शिमग्याला तो माज्या घरानशी जाईल. मान कोनाला द्यायचा ता मी बघीन."

दोन्ही मुलं खाली बघायला लागली. खटला तिथेच संपला होता. पण रावसाहेब कायद्याचे पक्के. "खुणेचं तेवढं सांगा. हा पोचा ओळखता?"

"न ओळखायला काय झाला? पोचा मीच पाडलेला. यांच्या बापसाला फेकून मारलेला. त्याला लागला न्हाय, खांबाला लागला."

कोर्ट हसून हसून लोळलं. मी भराभर लिहीत होतो. म्हातारीने खाली बसून हुक्का मांडीवर घेतला, पोच्यावरून सावकाश अंगठा फिरवला, काठाने एकदा, बुडाशी एकदा. मग मान वर करून थेट मागच्या बाकाकडे पाहिलं.

"पन रावसाहेब, यो हात माजा न्हाय."

माझा टाक थांबला. रावसाहेबांनी भिंतीवरच्या चौकटीतल्या रिमार्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकले.

"भाऊसाहेब, शेवटचं वाक्य लिहू नका. तुमचं अक्षर हलतंय."