मालवणच्या सुंभावरचा अकरावा कागद

मालवणात काय बघावं, कुठे खावं, एसटी किती वेळ घेते, हे सगळं खाली येईलच. पण आधीच सांगून टाकते, ही सहल मला बाधली. मासे नाही बाधले, माझीच जीभ बाधली.

सुरुवात नंदाच्या फोनने झाली. नंदा म्हणजे माझी कोल्हापुरातल्या चित्रकला-शिक्षक कोर्सची मैत्रीण. दोन वर्षं एका बाकावर बसलो, एका दौतीत बोरू बुडवले. पुढे मी कोल्हापुरातच शाळेत चिकटले, ती मालवणला तिच्या गावी. आता दोघीही निवृत्त. तिथे सुलेखन करणाऱ्यांचं एक मंडळ आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. रिक्षावाला, एसटीचा कंडक्टर, मेडिकलवाला, मासळी बाजारातल्या दोन बायका असे पंचवीसेक लोक महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतात आणि सगळे एकच मजकूर लिहून आणतात. वर्षातून एकदा बाहेरचा पाहुणा बोलावतात.

"औंदा पावणी म्हणान तू ये," नंदा म्हणाली. "हंय सगळी एकमेकांक वा वा करतत. तुझ्यासारखी तोंडाळ बाई व्हयी."

मी खूश. मग तिने खरी गोष्ट सांगितली. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मंडळ मुलांसाठी अक्षरांचा वर्ग काढणार होतं. शिकवणार कोण, ते पाहुण्याने कागद बघून सांगायचं. कागदावर नाव नसतं.

"माका तो वर्ग व्हयो गो," ती म्हणाली. "निवृत्त झाल्यापासून घरात नुसती बसान आसंय."

"मग मागून घे की. तुझ्यापेक्षा कोण चांगलं लिहितं तिथे?"

"ओळखीन नको. कागदान मिळाक व्हयो."

तेव्हाच मी मनात ठरवलं होतं, नंदाचा हात मी झोपेतही ओळखीन. वर्ग तिला मिळालाच म्हणून समजा. ही माझी लबाडी होती, आणि ती इथे कबूल करते.

शनिवारी सकाळी सातच्या एसटीने निघाले. बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे गाडी बायकांनीच भरलेली. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट. घाटात उलटी होणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि घरून मिसळ खाऊन निघू नये. मी दोन्ही चुका केल्या. कणकवलीला गाडी वीस मिनिटं थांबली, तिथे घावणे-चटणी खाल्ली आणि जिवात जीव आला. पुढे कसालवरून आत वळलं की रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना काजू आणि चिऱ्याच्या कुंपणाचे गडगे. साडेबाराला मालवण.

नंदा स्टॅंडवर आली होती. वाळली होती. उजवा हात पदरात. गेल्या वर्षी तिची स्कूटर घसरून मनगट तीन ठिकाणी मोडलं होतं. तेव्हा मी दोनदा फोन केला, येते येते म्हणाले आणि गेले नाही. कोल्हापूर ते मालवण म्हणजे काय विलायत आहे का? पण नाही गेले.

"हात कसा आहे गं?"

"बरो आसा. चल, जेवक जावया."

बाजारातल्या एका घरगुती खानावळीत सुरमईची थाळी घेतली, साडेतीनशेला. तुकडी जाड, तिखल्याचं कालवण झणझणीत, सोलकढी हवी तेवढी. नंदाने चमचा मागवला. मी म्हटलं, मालवणी बाई आणि मासे चमच्याने? "नखां वाडली हत," ती म्हणाली आणि मी हसले. अक्कल कुठे पेंड खायला गेली होती, देव जाणे.

तिने मला घरी उतरवून घेतलं नाही. घरात रंगकाम काढलंय म्हणाली. देवबागला एका ओळखीच्यांकडे खोली सांगून ठेवली होती, दीड हजार रुपये, नाश्ता त्यातच. रिक्षावाला साडेतीनशे म्हणाला, तीनशेला तयार झाला. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची पट्टी. जागा सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण पाण्यावर त्या मोटारबोटी दिवसभर भिरभिरत असतात आणि केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसून माणसं किंचाळतात. शांतता हवी असेल तर सकाळी सातच्या आत किनारा बघून घ्या, नंतर पुण्या-मुंबईची जत्रा लागते.

रविवारी दहाला मंडळ. शाळेचा एक वर्ग मिळतो त्यांना. भिंतीपासून भिंतीपर्यंत सुंभाच्या दोऱ्या बांधल्या होत्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी सतरा कागद लटकवले होते. कोपऱ्यात फक्त आकडा. या वेळचा मजकूर माशांची नावं: सुरमई, बांगडा, तारली, पेडवे, मोरी. काळी शाई, बोरू, बाकी काही नाही. मला आवडलं, खोटं कशाला बोलू?

मंडळाचा कारभार दाऊदभाई बघतात. बाजारात त्यांचं रंगाचं दुकान आहे, साठीचा, हसरा माणूस. मला खुर्ची देत म्हणाले, "मॅडम, आमचो एक नेम आसा. कागद कसो का असंना, आदी त्यातलां बरां काय ता सांगूचा. मगे खुशाल कान पिळा."

"आणि बरं काहीच नसेल तर?"

"असता. बगूक लागता."

मी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. तीस वर्षं मी मुलांच्या वह्या बघितल्या. हरभऱ्याच्या झाडावर चढवून कुणाचं अक्षर सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. तरी पाहुणी होते, म्हणून पहिले पाचसहा कागद नेमाने केले. याची शिरोरेघ सरळ, त्याची शाई एकसारखी. लोक वहीत लिहून घेत होते. एका मासेवाल्या मावशींनी तर "काय ता पुन्ना सांगा" म्हणून मला थांबवलं.

सातव्या कागदापाशी मी थबकले. 'बांगडा'तल्या 'ग'चा काना जरासा मागे रेललेला, जेवून उठलेल्या माणसासारखा. 'सुरमई'तला 'र' सुटसुटीत, शेपटी आखूड. अहो, हा नंदाचा हात! चाळीस वर्षांपूर्वी आमचे सर त्या 'ग'वरून तिला चिडवायचे. मी दहा मिनिटं त्या एका कागदावर बोलले. वळण, वजन, मोकळी जागा. शेवटी म्हटलं, "मुलांना शिकवायचं तर हा हात हवा. बाकी कुणाचा विचारही करू नका."

नंदा मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडे बघून हलकेच हसले. ती हसली नाही. मला वाटलं, बाई संकोचली.

मग मी सैल सुटले. काम झालं होतं ना! अकरावा कागद आला. अक्षरं थरथरलेली, त्याहून वाईट म्हणजे जाड-बारीक सगळं उलटं. बोरू तिरका कापतात, त्यामुळे धरायचा कोन ठरलेला असतो, जाडी कुठे यायची तेही ठरलेलं. इथे जिथे जाड हवं तिथे बारीक, वेलांटी भलत्याच बाजूला फुगलेली. मला वाटलं, कुणीतरी आदल्या संध्याकाळी घाईत उरकलंय.

"यात बरं सांगण्यासारखं मला काही दिसत नाही," मी म्हटलं. "बोरूच्या कोनाचीही पर्वा केलेली नाही. हा शिकणाऱ्याचा हात नाही, आळशी हात आहे."

दाऊदभाई म्हणाले, "मॅडम, वायंच परत बगा."

"बघितलं," मी म्हटलं, आणि बाराव्याकडे वळले.

सगळे कागद झाले की ज्याला वाटेल त्याने आपल्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं, अशी तिथली पद्धत. सक्ती नाही. सातव्या कागदाखाली परब येऊन उभे राहिले. परब म्हणजे एसटीचे कंडक्टर, चाळिशीचे, अजून खाकी शर्टातच. त्यांचे डोळे भरले होते. "नंदाबाईंनीच शिकवलंय मला," ते म्हणाले. "गेली सहा वर्षं. त्यांचंच बघून बघून गिरवतो."

आणि मग नंदा उठली. ती बसून राहिली असती तरी चाललं असतं. कुणाला कळलंही नसतं, निदान मला तरी. पण ती चालत आली आणि अकराव्या कागदाखाली उभी राहिली. डाव्या हाताला, करंगळीखाली, काळी शाई लागलेली होती. उजवा पदरातच.

डावखुऱ्याने उजव्या हाताचा बोरू धरला की जाड-बारीक नेमकं असंच उलटं पडतं. हे मी वर्गात मुलांना शिकवत आले. डावा हात ओळखायची हीच खूण म्हणून शिकवत आले! आणि समोर कागद होता तेव्हा मला फक्त आळस दिसला, कारण मी नंदाला सातव्या कागदात शोधून मोकळी झाले होते.

वर्ग परबांना मिळाला. ते नको नको म्हणत होते. नंदानेच दाऊदभाईंना सांगितलं, "पावणीन सांगला ना? मगे झाला." नंतर वडे-सागोतीचं जेवण होतं. ज्यांनी खाल्लं ते छान होतं म्हणाले. मी ताट तसंच ठेवून उठले.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले, न बोलावता. घरात रंगकाम बिंगकाम काही नव्हतं. पडवीत फळीवर कागदांची ही एवढी चळत. सगळे डाव्या हाताचे. वरचे अकराव्यासारखे, खालचे तर वाचताही येत नव्हते. मी तिला झापलंच, रडू येत होतं म्हणून झापलं. "सांगता येत नव्हतं तुला? एक फोन? हात गेलाय म्हणून?"

"सांगला असता तर तू माझी कीव केली असतंस. माका ती नको होती."

"मग मंडळातल्यांनी तरी!"

"तेंका मीच गप ऱ्हवाक सांगलंय. माका बगूचा होता, कोणाक ठावक नसताना कागद कसो दिसता तो."

"डाव्या हाताला उलट्या कापाचा बोरू लागतो, एवढं तरी..."

"तो कापूक उजवो हात लागता गो," ती म्हणाली.

तिने चहा केला, एकाच हाताने, मी उठले तर बस म्हणाली. मी माफी मागितली. बोललेलं परत घेते म्हणाले, परबांशी बोलते म्हणाले. तिने कप माझ्यासमोर ठेवला.

"कागद वायट होतो, माका म्हायत आसा. वर्ग गेलो, गेलो. पण आदी बरां सांगूचा असता ना? सतरा कागदांत एकाच कागदाक तू सांगूक नाय. 'पेडवे'तलो 'प' बरो इल्लो गो. सात म्हयने लागले त्या 'प'क."

मी चहा प्यायले आणि निघाले.

सोमवारी सकाळच्या गाडीने परत. तुम्ही जाणार असाल तर बाजारातून खाजं घ्या, गूळ आणि आल्याचं, ताजं असेल तर पंधरा दिवस टिकतं. कोकमाचं काही घ्यायचं तर आगळ, म्हणजे बिनसाखरेचा रस घ्या, सरबत नको. दोन दिवसांचा माझा खर्च जाऊन-येऊन, राहून-खाऊन पाच हजारांच्या आत आला. मंडळात बाहेरच्यांना बसू देतात, आधी विचारून जा. माणसं चांगली आहेत. माझ्यासारखीशीही चांगली वागली.

मंडळात काढलेले कागदांचे फोटो घरी आल्यावर दोन दिवस फोनमध्ये उघडले नाहीत. मग उघडले. अकरावा कागद मोठा केला, एकेक अक्षर. 'सुरमई' वाईट. 'तारली' वाईट. 'पेडवे'. तो 'प' बरा होता. बरा काय, सुंदर होता. पोट भरलेलं, काना एका दमात खाली आलेला, थरथर औषधालाही नाही. दाऊदभाई परत बघा म्हणाले तेव्हा मी मान वळवली असती तर दिसला असता. तिथेच होता तो, माझ्या नाकासमोर.

तोंडावर खरं बोलणारी म्हणून आयुष्यभर मिरवले. पण खरं बोलायचं तर आधी नीट बघावं लागतं, एवढं साधं त्या रिक्षावाल्यांना आणि मासेवाल्या मावशींना कळत होतं. मला नाही.

तिला लिहिलं, "नंदा, 'प' खरंच सुंदर आलाय. समजूत काढत नाहीये." पाठवल्यावर वाटलं, आता काय उपयोग? यापुढे मी तिच्या अक्षराला चांगलं म्हटलं की ती समजूतच असणार. खरं म्हणून ऐकायची वेळ एकदाच होती.

महिनाभर उत्तर आलं नाही. मेमध्ये आलं. "परबांचो वर्ग बरो चल्लोहा. तीस पोरां हत. येवन बगून जा."

'प'बद्दल एक अक्षर नाही. आणि ती स्वतः वर्गात जाते का, बोरू धरते का, हे विचारायला चारदा फोन हातात घेतला आणि चारदा खाली ठेवला.