आधी पाणी, मग पत्र

मोताळ्यात आमच्या गल्लीत येणारा पोस्टमन आधी पाणी मागायचा, मग पत्र द्यायचा. मी सरकी विकून शिकवलेला धाकटा भाऊ विलायतेत गेला, तो परत फिरकला नाही. त्याच्या पत्रात मात्र घरात गरम पाण्याचा नळ आणि रोज सकाळी दारात दुधाची बाटली. मी चिडून ते पोस्टमनला मोठ्याने वाचून दाखवायचो.

"काऊन हो शेठ, तिथं पोस्टमनले कोनी पानी इचारते का?" त्याचा दर वेळी हाच प्रश्न.

एकदा भावाने लिहिलं, शेजारचा म्हातारा खोलीतच मेला. दारात बाटल्या साचल्या तेव्हा लोकांना कळलं. ते ऐकून पोस्टमन हातातला तांब्या तसाच ठेवून गेला.

पुढे बायको माहेरी असताना मी तापाने पडलो. तिसऱ्या दिवशी कडी वाजली.

"पत्र आलं का?" मी कसंबसं विचारलं.

"पत्र नाई, शेठ. दोन दिस झाले, गल्लीत कोनासंगंच तुमचं भांडन आयकू आलं नाई. म्हनून आलो."

माझ्याच माठातलं पाणी मला पाजून तो सायकलवर डॉक्टरला आणायला गेला.

भावावरचा राग अजून आहेच. त्याला एवढंच लिहिलं, तुझ्या दारात बाटली ठेवणाऱ्याला एकदा पाणी विचार.