फुलीसर

क्लासच्या जिन्यात कायम ओल्या छत्रीचा वास येई, छत्रीचे दिवस नसले तरी. जिना चढून गेलं की काचेचं दार, दारावर निकालात आलेल्या पोरांचे हसरे फोटो. आतल्या शेवटच्या खोलीत एक माणूस वर्षानुवर्षं दूधवाल्यांना उघडं पाडत असे. कोणी चाळीस लिटर दुधात आठ लिटर पाणी घातलं, कोणी दोन भांडी एकमेकांत ओतून लबाडी केली, कोणी दूध काढून तेवढंच पाणी भरलं आणि पुन्हा तेच केलं. एकही त्याच्या हातून सुटला नाही. अडचण एवढीच, की त्यातला एकही दूधवाला जन्माला आलेला नव्हता.

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. सगळे त्याला फुलीसर म्हणत.

नाव पडलं ते रीतीवरून. स्पर्धा परीक्षेत विचारतात: वीस टक्के साखरेचं पाणी आणि पन्नास टक्के साखरेचं पाणी कोणत्या प्रमाणात मिसळलं, तर तीस टक्क्यांचं होईल? साधा माणूस क्ष मानतो, समीकरण मांडतो, मानेवरचा घाम पुसतो. फुलीसर फळ्यावर एक मोठी फुली मारत. वरच्या दोन टोकांना वीस आणि पन्नास, मधोमध तीस. मग तिरप्या रेघांवरून वजाबाकी करायची. पन्नासातून तीस गेले, वीस. ते डावीकडे खाली. तिसातून वीस गेले, दहा. ते उजवीकडे खाली.

"दोनास एक!" फुलीसर मार्करचं टोपण लावत. टोपणाचा तो टक् आवाज म्हणजे त्यांचा पूर्णविराम होता. "प्रश्न वाचत बसू नका रे. आकडे वाचा. दूधवाला कोण, कुठला, त्याला पोरंबाळं किती, याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

पोरं माना डोलवत. मान डोलवायला गणित यावं लागत नाही.

माणूस एकाच रेघेवर फार वर्षं चालला, की त्याला दुसरं काही दिसेनासं होतं. फुलीसरांना जगात दोनच गोष्टी दिसत: मिसळलेल्या आणि अजून मिसळायच्या राहिलेल्या. रस्त्यात नवराबायको भांडताना दिसले, तर ते मनात फुली मारून पाहत. हा एवढा तापट, ती एवढी शांत, मग संसार मध्यावर का येत नाही? घरी चहाचा पहिला घोट घेतला, की म्हणत, "आज एकास तीन झालाय."

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असे. दिवसभर लोकांचे खोकले ऐकून आलेली असे. ती म्हणे, "प्यायचाय की तपासायचाय?"

"अगं, मी नुसतं प्रमाण सांगितलं."

"प्रमाण मला ठाऊक आहे. पातेलं माझ्याच हातात होतं. जन्म गेला तुमचा दूधवाल्याला चोर ठरवण्यात, आणि आपल्या घरात येतं ते पिशवीतलं."

यावर फुलीसर हसत. बायको आपल्याला हसते आहे हे कळायला लागतं तेवढं शंकेचं प्रमाण त्यांच्यात नव्हतं.

ते स्वतःही कधीकाळी परीक्षा देत असत. वयाची अट संपेपर्यंत देत राहिले. पेपर हातात पडला, की ते आधी मिश्रणाची गणितं शोधत, जसा एखादा माणूस गर्दीत आपल्या गावचा चेहरा शोधतो. सापडली, की फुली मारून सोडवत. मग ताळा म्हणून क्ष मानून पुन्हा सोडवत. दोन्ही उत्तरं जुळली, की थोडा वेळ त्यांच्याकडे नुसतं बघत बसत. मग घंटा वाजे. दरवेळी मिश्रणाची सगळी गणितं बरोबर आणि दरवेळी नापास. अशी माणसं दुर्मीळ असतात. क्लासवाले अशांच्याच शोधात असतात.

तर या फुलीसरांना एके दिवशी डायरेक्टरने आपल्या खोलीत बोलावलं. क्लास त्याचा होता. तो कोणताच विषय शिकवत नसे. म्हणूनच त्याला सगळे विषय सारखे होते. खोलीत भिंतभर नवा पडदा लावला होता आणि पडद्यावर कुठल्याशा शहरातला एक तरुण मास्तर बोटांनी चुटक्या वाजवत, नाचत, मिश्रणच शिकवत होता. पोरांनी त्याचं नाव सुसाट ठेवलं होतं.

"बघा सर," डायरेक्टर म्हणाला. "एकदा शिकवलंय. आता हजार वेळा लावा. हा आजारी पडत नाही. याला खडूची ॲलर्जी नाही."

"मी मार्कर वापरतो," फुलीसर म्हणाले.

"तेच ते. सर, वाईट वाटून घेऊ नका. मिश्रणाचे तास पुढच्या बॅचपासून पडद्यावर. तुमच्याकडे मग शिकवायला काय राहतं, तुम्हीच सांगा."

फुलीसरांनी विचार केला. काही राहत नव्हतं. इतकी वर्षं फळ्यावर जी फुली मारली, तिच्याबाहेर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

डायरेक्टरला मधेच माणुसकीची उबळ आली. त्याला ती सणकेसारखी येत असे आणि तशीच जात असे. "एक करू. रविवारी सत्कार आहे. ती तुमची खिडकी पहिली आलीये ना? ती भाषणात बोलेल कोणामुळे पास झाले ते. फुलीचं नाव निघालं, तर तास तुमचे. नाही निघालं, तर पडदा. कबूल?"

कबूल नसायला फुलीसरांकडे दुसरं काही नव्हतं.

खिडकी म्हणजे गेल्या बॅचमधली एक मुलगी. शेवटच्या बाकावर खिडकीला टेकून बसायची आणि मिश्रणाच्या तासाला बाहेर बघायची. बाहेर समोरच्या इमारतीची मागची भिंत होती, तिच्यावर पाण्याचे पाइप. दोन तास बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. तरी ती बघायची. फुलीसर म्हणत, "खिडकी, लक्ष कुठंय?" ती म्हणे, "इथंच आहे सर." आता ती भेसळ तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक झाली होती. फुलीसरांना हे कळलं तेव्हा त्यांना वाटलं, आपण फळ्यावर पेरलेलं आता खरं उगवून आलं. दूधवाल्यांची आता खैर नाही.

रविवारी ते अर्धा तास आधी जाऊन जिन्यात उभे राहिले. सहज उभे आहोत असं दाखवायला त्यांनी बुटाची नाडी सोडून ठेवली होती. खिडकी वर येताना दिसली, तसे ते वाकून नाडी बांधू लागले.

"अरे वा! निरीक्षकबाई!"

"सर! तुम्ही इथं काय करताय?"

"नाडी." ते उभे राहिले. "काय मग? खात्यात गेल्यावर रोज मिश्रणच असेल की. दूध, पाणी, प्रमाण…"

"नाही हो सर. यंत्र आहे. दुधात बुडवायचं, आकडा येतो. आपण फक्त लिहून घ्यायचा."

हा घाव त्यांनी सोसला. "पण पेपरात? पेपरात तर यंत्र नव्हतं. तिथे फुली आठवली ना?"

खिडकीचा चेहरा खुलला. "फुलीच तर आठवली सर! मिश्रणाचं गणित दिसलं रे दिसलं, की मारली फुली. एकही सोडलं नाही. तेच तर आज सांगणार आहे."

फुलीसरांची दुसरी नाडी सुटलेली होती. ती तशीच ठेवून ते खाली रस्त्यावर गेले आणि बायकोला फोन लावला. "अगं, ये. दुकानातून सुट्टी काढून ये. पहिल्या रांगेत बस."

"काय झालं एवढं?"

"फुली झाली!"

बायकोला काही कळलं नाही. पण या माणसाचा आवाज इतका वर चढलेला तिने लग्नानंतर ऐकला नव्हता. ती आली. काउंटरवरचा पांढरा कोट तसाच अंगात होता. वर हॉलकडे जाताना फुलीसरांनी डायरेक्टरच्याही कानावर घातलं, "तिनं स्वतः सांगितलं. प्रत्येक गणिताला फुली." डायरेक्टरने खांदे उडवले. सुसाटचा पडदा विकत घेतलेला होता. परत करायला मुदत होती की नाही, हे तो आठवू लागला.

हॉल भरला होता. माईक एकदा किंचाळला, मग सरळ झाला. खिडकीने पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला.

"मला बोलता येत नाही फारसं," ती म्हणाली. "मी फुलीसरांमुळे पास झाले."

फुलीसरांनी बायकोकडे बघितलं. बायकोने, काय करावं न कळून, कोटाचं वरचं बटण लावलं.

"सर मिश्रण फार मनापासून शिकवायचे. मी रोज ऐकायचे आणि मला रोज पक्कं कळायचं, की हे मला या जन्मात येणार नाही." हॉलमध्ये एक हसू फुटलं आणि दाबलं गेलं. "दुसऱ्या क्लासच्या मुलांना हे पेपरात कळलं. मला आधी कळलं. चुकलं तर मार्क कापतात. म्हणून मी ठरवलं, मिश्रणाचं गणित दिसलं की प्रश्नाच्या आकड्यावर फुली मारायची आणि पुढे जायचं. काट! बघायचंसुद्धा नाही. तो सगळा वेळ मला बाकीच्या पेपरला मिळाला. सरांनी एवढं नीट शिकवलं नसतं, तर मी ती गणितं सोडवायला गेले असते, आणि आज इथं नसते. थँक्यू सर."

टाळ्या जोरात पडल्या. टाळ्यांना अर्थ लागत नाही. त्यांना हात लागतात. मुलीच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. तिने एक शब्दही टोमणा म्हणून उच्चारला नव्हता. तोच मोठा घोटाळा होता. टोमणा असता, तर त्याला उत्तर देता आलं असतं.

फुलीसर उभे राहिले. नमस्कार करायला हात वर गेले, पण अर्ध्यावर येऊन ते एकमेकांवरून तिरपे झाले. मागच्या रांगेतलं कोणीतरी ओरडलं, "फुली!" आणि मग हॉलने हसू दाबलं नाही.

बायको हसली नाही. "बसा," ती हलकेच म्हणाली. "बुटाची नाडी सुटलीये तुमची."

डायरेक्टरही हसत नव्हता. तो हिशेबात होता. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "मित्रांनो! काय शिकायचं हे सगळेच सांगतात. काय सोडायचं, हे फक्त आपल्याकडे! नवी बॅच, मार्गदर्शक अर्थातच फुलीसर!"

म्हणजे पैज फुलीसरांनी जिंकली. नाव निघालं होतं. शब्दाला जागल्याचं समाधान डायरेक्टरच्या तोंडावर पसरलं, ते कोणी पुसून घेतलं असतं तर रुमाल तेलकट झाला असता. मिश्रण शिकवायला पडद्यावरचा सुसाट. मिश्रण सोडायला फुलीसर. दोन्ही बॅचना तीच पोरं बसणार होती.

सोमवारी नव्या बॅचचा पहिला तास. खोलीत एकही बाक रिकामं नव्हतं. खिडकीच्या बाकावर चौघं बसली होती. काचेच्या दारामागे डायरेक्टर उभा होता. फुलीसरांनी फळ्यावर गणित लिहिलं. वीस टक्के, पन्नास टक्के, हवंय तीस टक्के. हात आपसूक वर गेला आणि एक मोठी फुली मारली गेली. वरच्या टोकाला वीस लिहिण्यासाठी मार्कर टेकला, तोच समोरच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "हां! म्हणजे काट. कळलं सर."

सगळ्यांनी वहीत गणित उतरवून घेतलं आणि त्यावर फुली मारली. खसाखस आवाज झाला, एकाच वेळी, एकाच मापाचा. कोणी मागे पडलं नाही. कोणाचा हात वर आला नाही. इतकी वर्षं ज्या फुलीसाठी घसा कोरडा केला, ती पोरांना एका फटक्यात आली होती.

मार्कर अजून टोकाशीच टेकलेला होता. तिथे शाईचा एक ठिपका पसरत मोठा होत होता. दारामागून डायरेक्टरने अंगठा वर केला.

"सर," मागून एकाने विचारलं, "पण याचं उत्तर काय येतं?"

बाकीची पोरं त्याच्याकडे वळून बघायला लागली, जसं चुकीच्या डब्यात चढलेल्या माणसाकडे बघतात.

फुलीसरांच्या जिभेवर उत्तर होतं. ते तिथे बावीस वर्षं होतं. त्यांनी दाराच्या काचेकडे बघितलं. मग मार्करला टोपण लावलं. टक्.

"पुढचं गणित," ते म्हणाले.

संध्याकाळी बायकोने चहाचा कप समोर ठेवला आणि वाट पाहत उभी राहिली. त्यांनी घोट घेतला. कप खाली ठेवला.

"सांगा की. एकास किती झालाय?"

"चांगला झालाय."

हे उत्तर तिला आवडायला हवं होतं. ती खुर्ची ओढून समोर बसली. "आज काय शिकवलंत?"

"काही नाही."

"मग पोरांना आलं का?"

"सगळ्यांना," फुलीसर म्हणाले. "पहिल्यांदाच."